डोळे सरावू देत

कोकणात आजोळी रात्री वीज गेली की आजी लगेच कंदील लावू द्यायची नाही. “थांब गो, डोळे सरावू देत,” म्हणायची. ओटीवर तिला टेकून बसलं की आधी नुसता मिट्ट काळोख. मग तुळशीवृंदावनाची कड उमटायची, मग माडाच्या झावळ्या, मग पाणंदीतली पांढुरकी वाट. वीस-पंचवीस मिनिटांत सगळं अंगण परत यायचं.

रात्रीची ही नजर दृष्टिपटलातल्या दंडाकार पेशींची. एकेका डोळ्यात त्या सुमारे १२ कोटी. त्यांतली एकच पेशी वेगळी काढून तिला प्रकाश अगदी मोजून द्यायचा, हे काम सिंगापूरमध्ये लिओनिद क्रिवित्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. पेशी आफ्रिकेतल्या नखवाल्या बेडकाची. सगळी तयारी अवरक्त प्रकाशात, कारण साधा उजेड लागला की पेशीचं सरावणं मोडलंच. काचेच्या बारीक नळीच्या तोंडाशी ती अलगद ओढून धरायची आणि ऑप्टिकल फायबरचं केसासारखं टोक तिच्याजवळ न्यायचं. उजेडाचा एकेक कण, एकेक फोटॉन, त्या टोकातून तिच्या दाराशी. २०१४ साली त्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला: असे शंभर फोटॉन आले, तर साधारण २९ फोटॉनांची दखल पेशी घेते. एवढ्याशा जिवाची ही केवढी जाग!

दखल कशी घेते, ते वाचताना मी थबकले होते. मला वाटायचं, उजेड पडला की पेशी पेटून उठत असेल. घडतं उलटं. काळोखात तिच्यातून विजेचा बारीक प्रवाह अखंड वाहत असतो. फोटॉन आला की तो जरासा ओसरतो. डेनिस बेलर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९७९ साली टोड जातीच्या बेडकावर हे मोजलं, तेव्हा एका फोटॉनमागची घट भरली जेमतेम १ पिकोअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा एक लाख कोटीवा भाग. आम्ही ओटीवर गप्प बसलेलो असायचो, तेव्हा या पेशी सर्वांत जास्त राबत होत्या.

आजोळच्या पाणंदीत आता पांढरे एलईडी रात्रभर जळतात. माझ्या भाच्याने ती वाट चांदण्यात कधी पाहिलेलीच नाही.

पुढच्या वेळी वीज गेली तर मोबाइलचा टॉर्च लगेच लावू नका. घरात मूल असेल तर त्याला जवळ घ्या आणि अर्धा तास अंगणात बसा.