परतीचं वादन

शाळेचं लेझीम पथक बाहेरगावी निघायचं असलं की तयारी महिनाभर चालते. मधल्या सुट्टीत पटांगणात हलगी कडाडते, लेझमीच्या सुटलेल्या चकत्या तारेनं बांधल्या जातात, फेट्यांची कापडं घरोघरून गोळा होतात, आगारात प्रासंगिक कराराचा अर्ज जातो, कारण शालेय सहलीला एसटी भाड्यात ५० टक्के सवलत देते आणि एवढी मुलं न्यायची तर त्या सवलतीवाचून गत्यंतर नसतं. जाण्याच्या बाजूचं सगळं असं बारकाईनं ठरतं. परतीबद्दल मात्र सूचनावहीत एकच ओळ असते: गाडी रात्री येईल, पालकांनी न्यायला यावं. त्या ओळीबद्दल माझी तक्रार आहे. आंबेगाव तालुक्यातल्या अवसरी बुद्रुकसारख्या गावातलं पथक पुणं, दिल्ली किंवा आणखी कुठलं मैदान गाजवून येतं, तेव्हा त्याचा कार्यक्रम पुरा झालेला नसतो. परत आल्यावर त्यानं वेशीपासून देवळापर्यंत एकदा वाजवत, खेळत गेलं पाहिजे, आणि जाण्याची आखणी शाळा जितक्या काळजीनं करते तितक्याच काळजीनं या वादनाची केली पाहिजे.

परतणाऱ्याचं कौतुक कसं करावं हे या मुलखाला शिकवावं लागत नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हा बैलगाड्यांचा पट्टा. सर्वोच्च न्यायालयानं १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना पुन्हा परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी राज्याचा कायदा वैध ठरवला, तेव्हा इथल्या गावांनी सणासारखा आनंद केला. शर्यतीच्या घाटात बारी, म्हणजे बैलांची धाव, चांगली बसली की ते बैल गावात कसे येतात ते पाहावं. वेशीवर हलगी उभी असते, गुलालानं रस्ता लाल होतो, शिंगांना रंग आणि पाठीवर झूल असते, बायका दारात ओवाळायला थांबलेल्या असतात. कुस्ती मारून आलेल्या पैलवानाला खांद्यावर घेतात. फौजेतून निवृत्त होऊन आलेल्या जवानाची हल्ली गावोगाव उघड्या जीपमधून मिरवणूक निघते, आणि ती निघायलाच हवी. ज्या गावाला बैलांचं, पैलवानाचं, जवानाचं परतणं कळतं, त्याच गावात दिवसभर ताल धरून आलेली चाळीस मुलंमुली अंधारात शाळेच्या फाटकाशी उतरतात आणि एकेका मोटरसायकलच्या मागे बसून पांगतात. यात कुणाचा दुष्टावा नाही. आपण मुलांच्या कलेला अजून अभ्यासाच्या कडेची गोष्ट समजतो, म्हणून त्यांचं घरी येणं आपल्याला घटना वाटत नाही.

लेझमीकडे नीट पाहिलं तर हे अधिक पटतं. लेझीम मुळात चालण्याची गोष्ट आहे. पालखीपुढे, छबिन्यापुढे, वरातीपुढे ती पुढे सरकत गेली. तिचे हात आणि पवित्रे रस्त्याच्या मापानं घडले. चार पावलं पुढे, दोन मागे, बसून उठणं, वळून समोरच्याशी तोंड जुळवणं, हे सगळं करत जथा देवळाकडे सरकतो. शाळांनी आणि व्यायामशाळांनी तिला शिस्त दिली, अंकांवर बसवलं, मैदानावर आणलं, आणि त्यात तिचं भलंच झालं. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिनला जाऊन भारतीय व्यायामप्रकार दाखवून आलं. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या उद्घाटनात सांगली जिल्ह्यातल्या लेझीमपटूंनी साऱ्या देशाला हा खेळ दाखवला. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग यांसारख्या शाळांच्या पथकांनी विसर्जन मिरवणुकीच्या वादनाला वळण लावलं. हे सगळं अभिमानानं सांगावं असंच आहे. पण मैदानावर लेझीम एका जागी उभी राहते आणि मान्यवरांच्या मंचाकडे तोंड करते. तिथे ओळ दिसते, आकृती दिसते. ओळीत कोण आहे हे दिसत नाही आणि दिसायची गरजही नसते. गावात शिरली की ती पुन्हा चालू लागते. तिसऱ्या ओळीत डावीकडे कोण आहे ते ओट्यावरच्या आजीला ठाऊक असतं, हलगी वाजवणारा पोरगा कुणाचा आणि त्याचा आजा जत्रेत काय वाजवायचा हेही तिला ठाऊक असतं. मैदानानं मुलांना नेमकेपणा दिलेला असतो, आणि तो नेमकेपणा ओळखीच्या माणसांपुढे, चढउताराच्या रस्त्यावर टिकतो का, याची खरी परीक्षा घरी होते. शिवाय गावानं महिनाभर जे ऐकलं ती फक्त तालीम होती: तुटणारा, थांबणारा, सरांच्या शिट्टीनं पुन्हा सुरू होणारा ताल. पुरा झालेला ताल गावानं ऐकायचा नाही, तो परक्यांनीच ऐकायचा, हा न्याय कुठला?

परतीला मान देणारी एक मोठी परंपरा इथून जवळच आहे. ज्ञानेश्वर माऊलींची पालखी खेड तालुक्यातल्या आळंदीहून निघते, तिच्यापुढे लाखोंची वाट असते, वर्तमानपत्रं रोजच्या मुक्कामाची बातमी देतात. आषाढी होते, पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो, आणि पालखी उलट फिरते. जायला तीन आठवड्यांच्या आसपास लागतात, तेच अंतर परतताना दहाएक दिवसांत कापलं जातं. मुक्काम थोडे, मजल मोठी, माणसं मोजकी, वर आषाढाचा पाऊस. कुणी म्हणेल, यातून माझ्या म्हणण्याच्या उलटच सिद्ध होतं: बहुतेक वारकरी पंढरपुरातूनच एसटीत बसतात, म्हणजे परतीचं मोल लोकांनीच कमी ठरवलं आहे. मला यात वेगळं दिसतं. प्रत्येकाला शेत आहे, पेरण्या खोळंबलेल्या असतात. लोक गेले तरी सोहळ्यानं परत चालणं सोडलं नाही. पादुका आळंदीला पोचेपर्यंत वारी पुरी झाली असं सोहळ्याच्या चालीत धरलेलं नाही, आणि जे मोजके विणेकरी, टाळकरी मागं राहतात ते परतीचेही अभंग म्हणतच येतात. गर्दी नसली तरी क्रम मोडायचा नाही, हे शाळेनं या परतवारीकडून घ्यावं.

मनाच्या अभ्यासकांनीही शेवटाबद्दल काही शोधून ठेवलं आहे. डॅनियल कानेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना १४ अंशांच्या गार पाण्यात ६० सेकंद हात धरायला लावला. दुसऱ्या वेळी तेवढंच करून पुढे आणखी ३० सेकंद हात पाण्यातच ठेवला, फक्त तेवढ्या वेळात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलं. नंतर विचारलं, यांतलं कोणतं पुन्हा कराल? बहुतेकांनी लांबलेला प्रयोग निवडला. एकूण त्रास जास्त होता, पण शेवट जरा बरा होता आणि आठवणीनं शेवटाला कौल दिला. पथकाच्या सहलीत कळसाचा क्षण मैदानावर असतो, तो कुणी हिरावून घेत नाही. शेवट मात्र आपल्या हातात असतो, आणि तो आपण कुलूपबंद फाटकाशी, झोपमोड झालेल्या मुलांच्या हजेरीत घालवतो. मोठेपणी ही मुलं सहल आठवतील तेव्हा तिच्या टोकाला काय असावं, एवढाच हा प्रश्न आहे.

गाडीतल्या प्रवासाला मात्र काही शिकवू नये. त्याची घडण आपोआप सुंदर असते. पुण्याहून निघताना गाणी, भेंड्या, कोण चुकलं आणि कुणाचा फेटा सुटला याची उजळणी. मोशीला इंद्रायणी ओलांडेपर्यंत आवाज बसलेले. राजगुरुनगरला भीमेच्या पुलावर निम्मी गाडी झोपलेली. मागच्या बाकाशी दोरानं बांधलेल्या लेझमी खड्ड्यागणिक आपणहून एकदा वाजतात. खेडचा घाट चढला की हवा बदलते, मंचरला महामार्ग सुटतो आणि आपल्या रानांचा वास खिडकीतून आत येतो. येतानाचा रस्ता जातानापेक्षा लहान भासतो, हाही नुसता भास म्हणून सोडून देण्यासारखा नाही: नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०११ साली हा अनुभव तपासला, आणि जाताना वेळेचा अंदाज चुकतो म्हणून येताना मन आधीच लांब रस्त्याची तयारी ठेवतं, असं त्याचं कारण मांडलं. झोपही वाया जात नाही. हातांनी शिकलेली हालचाल रात्रीच्या झोपेनंतर अधिक सफाईनं होते, हे मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी २००२ साली बोटांच्या साध्या ठेक्यांवर दाखवलं. रात्रभराच्या झोपेनं वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढला होता. तेव्हा कार्यक्रमानंतर झोपून उठलेलं पथक अधिक चांगलं वाजवील, अशी आशा धरायला जागा आहे. ते वादन ऐकायला कुणी बोलावलेलंच नसतं, ही खंत.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप सुरक्षिततेचा आहे, आणि तो मी हलक्यानं घेत नाही. फेब्रुवारी २०१६मध्ये मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेले १४ विद्यार्थी बुडाले, त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले आणि व्हायलाच हवे होते. इकडची भीती निराळी आहे. डिंभे धरणाच्या कालव्यांनी रानं भिजली, ऊस आला, उसात बिबट्या राहू लागला. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र याच भागात आहे. अवसरीसारख्या गावात निम्मी घरं मळ्यात, वस्तीवर असतात आणि तिथे जाणारी पायवाट उसाच्या कडेनं जाते. रात्री दहाला उतरलेल्या मुलांना वाजवत थांबवा असं कुणी सांगत असेल तर ते वेडेपण होईल. म्हणून माझं म्हणणं उलट आहे: रात्री मुलांची हजेरी घ्यावी, प्रत्येक मूल वस्तीच्या दारात पोचल्याची खात्री सरांनी आणि बाईंनी करावी, आणि वादन दुसऱ्या दिवशी ठेवावं, दिवस मावळायच्या चांगलं आधी. परतीची आखणी करायची म्हटली की वस्तीपर्यंतचा रस्ताही त्या आखणीत येतो. आज तो पालकांवर सोडलेला असतो, आणि ज्याच्या घरी मोटरसायकल नाही त्याचं काय, हे सूचनावहीतली ओळ विचारत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक अवघड वाटतो: पथक हरून आलं तर? बैल हरले की गुलाल कुणी उधळत नाही. इथे बैलांचा दाखला सोडून द्यावा लागेल. बारी जिंकण्यासाठी असते, लेझीम एकत्र हलण्यासाठी असते. जिंकलेल्याच पथकाला वेशीवर घेतलं तर हरलेली मुलं मागच्या गल्लीनं घरी जायला शिकतील, आणि त्यापेक्षा हे वादन न केलेलं बरं. म्हणून ते निकालाला बांधू नये. जाण्याआधीच त्याचा दिवस ठरलेला असावा. त्यात सत्कार नको, फलक नको, भाषणं नकोत. पाच भाषणं झाली की मुलं उन्हात उभी राहतात आणि वादन दहा मिनिटांवर येतं, हे आपल्याकडच्या समारंभांत नेहमी दिसतं. भिंती हलवणारे ध्वनिवर्धकही नकोत. हलगी, एखादा ढोल, झांज आणि लेझमी एवढा आवाज गल्लीला पुरतो आणि मुलांच्या कानांना सोसतो. खर्चाचं म्हणाल तर हलगी शेकायला चार काटक्या आणि मुलांना गूळशेंगदाणे.

तमाशाच्या फडांशी तुलना करून कुणी विचारील की कलावंतानं बाहेर वाजवावं आणि घरी विसावा घ्यावा, हीच रीत नाही का? नारायणगाव इथून जवळ आहे. पाडव्याच्या सुमारास तिथल्या राहुट्यांवर गावोगावचे पंच येतात, जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात, आणि फड पोटासाठी वणवण हिंडतात. त्यांना घरी विसावा हवा हे खरंच. पण ते व्यावसायिक आहेत. त्यांची कला गावानं पोसायची आणि त्यांनी गावांना द्यायची असा तो व्यवहार आहे. शाळेच्या मुलांना कुणी सुपारी दिलेली नसते. त्यांना फेटे गावानं दिलेले असतात, वर्गणी गावानं भरलेली असते, मधल्या सुट्टीतला गोंगाट शेजारच्या घरांनी महिनाभर सोसलेला असतो. त्या गावापुढे ती एकदाही वाजवत नाहीत.

आणि जी मुलं गेलीच नाहीत त्यांच्यासाठी तर हे वादन सर्वांत आधी हवं. एका गाडीत बसतील तेवढीच मुलं जातात. उरलेल्यांपैकी काहींचा ताल कच्चा असतो, पण काहींचा पक्का असूनही वर्गणी भरता आलेली नसते, कुणाच्या घरी कांदा काढायला माणूस नसतं, कुणा मुलीला रात्री उशिरा परतायचं म्हणून घरून परवानगी मिळालेली नसते. सराव त्यांनीही केलेला असतो. दुसऱ्या दिवशी शाळेत, सहलीला गेलेली मुलं तिथल्या गोष्टी सांगतात आणि ही मुलं ऐकतात, इथेच वर्गात एक रेघ पडते. गावातल्या वादनात गाडीच्या बाकांची मोजदाद नसते. तिथे सगळी सरावाची पोरं उतरू शकतात, आणि पुढच्या दोन ओळी न गेलेल्यांच्या असाव्यात. मैदानावर बसवलेली नवी चाल गेलेल्यांनी त्यांना सकाळी शिकवावी, म्हणजे सहलीतून आणलेलं काहीतरी खरोखर वाटलं जाईल. शिक्षणाधिकाऱ्यांकडे सहलीच्या परवानगीसाठी जो अर्ज जातो, त्यात निघण्याची तारीख असते, पोचण्याची असते, मुक्कामाचं ठिकाण असतं. मुख्याध्यापकांनी तिथेच, परतीच्या तारखेखाली, गावातल्या वादनाची तारीख लिहावी आणि त्या अर्जाची एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी.