अब्बांची ओम्नी

अब्बांच्या चाळिसाव्याच्या देगी परत गेल्या, चटया मशिदीत पोहोचल्या आणि त्याच संध्याकाळी मामूंनी विषय काढला, "गाडीचं काय करायचं ठरवलंत?"

गाडी म्हणजे आमची ओम्नी. २००८ साली घेतलेली, पांढरी, आठ माणसं बसतील अशी, मागच्या दोन सीट समोरासमोर. दवाखान्याचे दिवस धरून दोन महिने ती गल्लीच्या तोंडाशी उभी होती. टपावर पाल्याचा थर साचला होता. जुन्या पनवेलच्या मोहल्ल्यात माणसाला झोपायला जागा मिळेल, गाडी उभी करायला मिळत नाही. शेजाऱ्यांनी चाळीस दिवस तोंडातून शब्द काढला नाही, हा त्यांचा मोठेपणा. एकेचाळिसाव्या दिवशी समोरच्या चाचांनी विचारलं, "बाजी, गाडी चालू होते ना अजून?" त्याचा अर्थ मला कळला.

भाऊ कुवेतला, धाकटी बहीण रत्नागिरीला सासरी, अम्मी इद्दतमध्ये. माझे मिस्टर न्हावा शेवाला पाळीवर जातात. गाडी चालवायला आपण तयार, पण कागद वाचायला सांगू नका, असं ते स्वतःच म्हणतात. राहिले मी. उर्दू शाळेत गणित शिकवणारी, बी.एड. झालेली, म्हणून घरातले सगळे अर्ज माझ्याकडे.

ही गाडी आमच्यासाठी काय होती, ते सांगायला हवं. नाहीतर किमतीची गोष्ट कळणार नाही. मारुतीने १९८४ साली व्हॅन काढली, पुढे तिचं नाव ओम्नी झालं आणि २०१९ साली ती बंद झाली. इंजिन ७९६ सीसीचं आणि तेही पुढच्या सीटच्या खाली. अब्बा हसून म्हणायचे, "ही गाडी चालवणारा माणूस तव्यावर बसलेला असतो." मे महिन्यात पहाटे तीनला आम्ही नानीच्या गावाला, म्हसळ्याकडे निघायचो. समोरासमोरच्या सीटांच्या मधे ट्रंक, ट्रंकेवर गादी, गादीवर आम्ही तिघं भावंडं. पळस्पे फाटा, कर्नाळ्याची खिंड, वडखळचा नाका. तिथे पोहोचेपर्यंत उजाडायचं आणि अम्मी डबा उघडायची. गावात खोल्या कमी आणि पाहुणे फार, म्हणून अब्बा आणि मामू रात्री गाडीतच झोपायचे, सरकते दरवाजे उघडे टाकून. परत येताना तिच्यात तांदूळ, आंबे, सुकी मासळी आणि एकदा तर नानीची जिवंत बकरी. पनवेल-इंदापूर चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि मग वर्षानुवर्षं रखडलं. त्या खड्ड्यांतूनही तिने आम्हाला नेलं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल वाहून गेला, दोन एसट्या गेल्या. आमचा रस्ता माणगावलाच वळतो, महाड पुढे राहतं, तरी त्यानंतर अब्बांनी पावसाळ्यात रात्री तो हायवे धरला नाही. मी बी.एड. करत होते तेव्हा सकाळी मला स्टेशनवर सोडणारी गाडी हीच.

मयताच्या नावावरची गाडी विकता येत नाही. आधी ती वारसाच्या नावावर व्हावी लागते. वारसाने तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरायचा, असा नियम आहे. तीस दिवस फातेहात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चहात निघून गेले होते. तीन महिने मात्र हातात होते. गाडी माझ्या नावावर करायची ठरली. परिवहन कार्यालयाबाहेर बसणाऱ्या एजंटाकडे बाकीच्या वारसांच्या प्रतिज्ञापत्राचा तयार नमुना होता: आम्ही बहिणी आमचा हक्क राजीखुशीने भावाच्या नावे सोडत आहोत. मी म्हटलं, इथे भावाच्या नावावर नाही, माझ्या नावावर करायचं आहे. त्याने लगेच नावं बदलली. नव्या कागदाप्रमाणे आता माझी आई, भाऊ आणि बहीण आपला हक्क माझ्या नावे सोडत होते! त्याला त्यात काही खटकलं नाही. इतकी वर्षं तो हाच मजकूर टाइप करत होता आणि इतकी वर्षं बहिणी त्याखाली सह्या करत होत्या. आपल्या घरांत तरक्याचा हिसाब शरीयतने ठरलेला आहे हे सगळे तोंडाने सांगतात; बहिणीचा हिस्सा मात्र अशा छापील ओळीत विरघळून जातो. मी तो मजकूर खोडून मराठीत दुसरा लिहिला: ही संमती फक्त नोंदणी बदलण्यापुरती आहे, विक्रीची रक्कम वारसांत हिश्शाप्रमाणे वाटली जाईल. "मॅडम, उर्दू शाळेच्या बाईचं मराठी भारी आहे," एजंट म्हणाला. ही तारीफ मी आजवर शंभर वेळा ऐकली आहे.

मग प्रश्न आला, डीलरला द्यायची की स्वतः गिऱ्हाईक शोधायचं. कळंबोलीच्या बाजूला जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या एकाकडे मी मामूंच्या मुलाला घेऊन गेले. मुलगा बारावीत. डीलरने सगळं बोलणं त्याच्याशीच केलं. प्रश्न मी विचारत होते, उत्तर मुलाला मिळत होतं. गाडीभोवती एक चक्कर मारून तो म्हणाला, अठ्ठेचाळीस हजार, आत्ता रोख. मी कमी आहे म्हटल्यावर त्याने मुलाला सांगितलं, "आता जानेवारी २०२५ पासून जीएसटी अठरा टक्के झाला, आम्ही तरी काय करणार?" मी गणिताची शिक्षिका आहे. तो कर डीलरने ज्या किमतीला घेतली आणि ज्या किमतीला विकली त्यातल्या फरकावर आहे, माझ्या अठ्ठेचाळीस हजारांवर नाही, हे मी बोलले तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

त्याच्यावर अन्याय नको. जागेचं भाडं त्याचं, दुरुस्ती त्याची, गाडी सहा महिने पडून राहिली तर तोटाही त्याचा. त्याने कमी भाव सांगावा यात मला गैर वाटलं नाही. पण नंतर त्याने खणातून फॉर्म २९ आणि ३० काढले आणि गिऱ्हाइकाच्या नावाची जागा कोरी ठेवून खाली सह्या करायला सांगितलं. "गिऱ्हाईक मिळालं की डायरेक्ट त्याच्या नावावर. मधे आमचं नाव कशाला?" तिथे मी पेन खाली ठेवलं.

कारण हे आमच्या घरात एकदा घडून गेलं होतं. ओम्नी घेताना अब्बांनी जुनी पद्मिनी अशीच एका दलालाला बावीस हजारांत दिली होती. कोरे फॉर्म, सह्या, चहा, खुदा हाफिज. दोन वर्षांनी मोटार अपघात दाव्याची नोटीस घरी आली. पद्मिनीने एका सायकलवाल्याला उडवलं होतं. त्याचा पाय गेला होता. चालवणारा कोण, हे अब्बांना माहीतही नव्हतं. विमा संपलेला, नोंदणी मात्र अजून अब्बांच्याच नावावर. दलालाचं दुकान उठलेलं. चार वर्षं अब्बा तारखांना गेले. शेवटी तडजोडीत साठ हजार भरले. नातेवाइकांनी कायदा आंधळा म्हटलं. अब्बा तसं म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "त्या माणसाचा पाय तर गेलाच ना. त्याने कोणाला शोधायचं?"

पुढे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेक हातांतून गेली होती, पण नोंदणी पहिल्याच्याच नावावर होती. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्या नोंदलेल्या मालकावर ठेवली. जखमी माणसाने विक्रीची साखळी शोधत फिरू नये, असा त्यामागचा विचार. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी नियमही आला. डीलरने परिवहन कार्यालयाकडून अधिकृतपणाचा दाखला घ्यायचा, गाडी ताब्यात घेतल्याची सूचना फॉर्म २९-सी मध्ये द्यायची, आणि मग ती त्याच्या ताब्यात असेपर्यंतची जबाबदारी त्याची. मी त्याच्याकडे तो दाखला मागितला. "ते मोठ्या शोरूमवाल्यांचं असतं," तो हसून मुलाला म्हणाला. तसं नियमात नाही. आम्ही परत आलो. वाटेत मुलगा म्हणाला, "आपा, अठ्ठेचाळीस हजार गेले." जिथे असा दाखला आहे तिथे मी कदाचित दिलीही असती. भाव कमी मिळाला असता, पण माझं नाव त्याच दिवशी सुटलं असतं, आणि त्या सुटण्याची किंमत मी अब्बांच्या तारखांवरून मोजली होती.

मग काचेवर "विकणे आहे" असा कागद लागला. फोन येऊ लागले. एकाला शाळेच्या मुलांसाठी हवी होती. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी, आत किती मुलं बसवणार, विचारलं तर म्हणाला, "पंधरा आरामात." मी रोज शाळेच्या फाटकावर अशा ओम्नी पाहते. दप्तरं बाहेर लटकलेली असतात. त्याला नाही म्हटलं. एकजण फक्त इंजिनासाठी मागत होता. अम्मीला ते ऐकवलंही नाही.

शेवटी पेणजवळच्या गावातला एक गवंडी आला. त्याच्या आईचे गुडघे गेलेले, एसटीची पायरी चढता येत नाही. ओम्नीचा दरवाजा सरकतो आणि गाडी बुटकी आहे, म्हणून त्याला हीच हवी. फोनवर ऐंशी हजार ठरलं होतं. रविवारी तो आईलाच घेऊन आला. म्हातारी आत बसून पाहत होती.

मधल्या सीटखालचा पत्रा कुजलेला होता. २०१९ मध्ये माणगावला अब्बांनी त्यावर तुकडा वेल्ड करून घेतला आणि वर रबरी मॅट टाकली. तरी पावसात पाणी यायचंच. मामूंचं म्हणणं सरळ होतं, "मॅट उचलायची गरज नाही. घेणाऱ्याला डोळे आहेत." मीही गप्प होते. खोटं बोलावं असं मनात नव्हतं, पण तो विचारील तर सांगू, इथवर मी आले होते. अम्मीने पडद्याआडून मला हाक मारली. "मॅट उचलून दाखव. धान्याच्या राशीची गोष्ट मकतबमध्ये तूच पाठ करून आली होतीस." बाजारात हजरत मुहम्मद (स.) यांनी राशीत हात घातला आणि आतलं धान्य भिजलेलं निघालं, ती हकीकत. ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, एवढाच तो सवाल. दर वर्षी मी ती गोष्ट मुलांना सांगते.

मॅट उचलली. गवंडी गुडघ्यावर बसला, बोटाने पत्रा टोकरला, आणि बहात्तर म्हणाला. मामूंनी मान फिरवली.

रात्री कुवेतहून भावाचा फोन. तो हसत सुरुवात करून शेवटी हसत नव्हता. "अम्मीचं ठीक आहे. पण माझे साडेतीन हजार उडवायचा हक्क तुला कोणी दिला?" हिसाब त्याचा बरोबर होता. ऐंशी हजारांत अम्मीचा आठवा हिस्सा दहा हजार, भावाला पस्तीस, आम्हा बहिणींना साडेसतरा-साडेसतरा. बहात्तरमध्ये अम्मीला नऊ, त्याला साडेएकतीस, आम्हाला पंधरा हजार सातशे पन्नास. मी एकटीची गाडी विकत नव्हते, चौघांची विकत होते. त्याला आधी विचारायला हवं होतं, हे मी कबूल केलं. आणि पुढे म्हटलं, विचारलं असतं तरी मॅट उचललीच असती. तो फोन ठेवून गेला. आठ दिवस त्याचा मेसेज नव्हता.

जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावरच निबंध लिहिला आणि २००१ साली त्यांना नोबेल मिळालं. विकणाऱ्याला ऐब माहीत असतो, घेणाऱ्याला नाही, म्हणून घेणारा प्रत्येक गाडीला खराब धरूनच भाव सांगतो आणि चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात, असं काहीसं त्यांचं म्हणणं. आमच्या गवंड्याने मात्र दाखवलेला ऐब पाहिल्यावर दुसरं काहीच तपासलं नाही. दुसऱ्या गिअरचा धक्का मी सांगितला, तर म्हणाला, "राहू द्या बाई, कळलं."

पैसे बँकेतून आले. फॉर्म २९ आणि ३० वर त्याचं नाव माझ्यासमोर लिहिलं गेलं, अर्जाची पावती निघाली, दोन जुनी ई-चलनं मी भरली. सीटबेल्टची होती, ओम्नीला वेगाचा दंड कोण करणार? ताबा दिल्याच्या कागदावर तारीख आणि वेळ घातली, सकाळी ११.२०. विमा चौदा दिवसांत नावावर करून घ्या, हे मी त्याला दोनदा बजावलं, जसं मुलांना गृहपाठाचं बजावते. आरशावरची तसबीह, मागच्या खणातलं अम्मीचं दस्तरखान आणि म्हसळ्याच्या पेट्रोल पंपाच्या पावत्या मी आधीच पिशवीत भरून घेतल्या होत्या. अम्मी खिडकीच्या पडद्याआड उभी होती. गाडी वळणावर गेली तेव्हा समोरच्या चाचांनी लगेच त्या जागेवर आपली स्कूटर लावली.

लिफाफे मी तीन केले. बहिणीने फोनवर म्हटलं, माझे भाईला देऊन टाक. मी तिला म्हटलं, आधी तुझ्या खात्यात घे, मग ज्याला द्यायचे त्याला दे. तिने घेतले. अजून दिलेले नाहीत.

२०२५ साली पाऊस मेच्या अखेरीसच आला. जूनच्या पहिल्या आठवड्यात गवंड्याचा फोन. "बाई, पाणी येतं. तुम्ही दाखवलं होतं तिथूनच येतं, दुसरीकडून नाही." मग म्हणाला, "माणगावला ज्याने वेल्डिंग केलं त्याचा नंबर आहे का?" अब्बांच्या डायरीत होता. मी दिला.