माझ्या छपरावरचा सूर्य

पन्नाशी उलटली की माणसाला एखादे नवे व्यसन जडते. कोणी ज्ञानेश्वरीकडे वळतो, कोणी गुलाबाच्या कलमांकडे. मला व्यसन जडले ते विजेचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने घरांच्या छपरांवरील सौरविजेसाठी 'पीएम सूर्यघर' योजना काढली. तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपयांचे साहाय्य मिळते असे कळताच मी त्याच वर्षी गच्चीवर पॅनेले बसवून घेतली. स्वच्छ ऊन असले की दिवसाला बारा-एक युनिटे होत. वर्षानुवर्षे मी वर्गात इमर्सनचा स्वावलंबनावरील निबंध शिकवीत आलो. आता तो आपण आचरणात आणला, अशा तोऱ्यात मी मीटरपुढे उभा राही.

हा तोरा एका मे महिन्यात उतरला. रात्री वळवाने गल्लीतले झाड तारांवर पाडले आणि सकाळी लख्ख ऊन पडले. शेजाऱ्यांकडे वीज नव्हती याचे मला नवल वाटले नाही. माझ्याकडेही नव्हती याचे मात्र वाटले. डोक्यावर सूर्य, छपरावर पॅनेले आणि घरातला पंखा निश्चल! एरवी हा विनोद मी चवीने सांगितला असता. पण आतल्या खोलीत माझी ब्याऐंशी वर्षांची आई प्राणवायूच्या यंत्रावर होती आणि राखून ठेवलेला सिलिंडर दुपारपर्यंतच पुरणारा होता.

मी ओळखीच्या एका मेकॅनिकला बोलावले. तो भाड्याचा जनरेटर घेऊन आला आणि म्हणाला, "याची वायर घरातल्या सॉकेटात खुपसतो. घर चालू होईल, आणि वरचा इन्व्हर्टरही फसून सुरू होईल." मला ती युक्ती फार आवडली. मेन स्विचचा विषय त्याने काढला नाही, आणि मला तर तो सुचलाच नाही. तो वायर सोलू लागला, इतक्यात फाटकाशी हाक आली.

"सर, मेन खाली ओढलाय ना? खांबावर चढतोय मी."

वीज कंपनीचा वायरमन होता. माझाच जुना विद्यार्थी; इंग्रजीत दोनदा नापास झालेला. सोललेली वायर पाहून तो क्षणभर काही बोलला नाही. मग तोंडी परीक्षा घेणाऱ्याच्या शांतपणाने त्याने मला समजावले. रस्त्यावरची वीज गेली की छपरावरच्या इन्व्हर्टरने लगेच गप्प बसावे अशी त्याची रचना असते, आणि ती खांबावरच्या माणसासाठी असते. कोपऱ्यावरची डीपी अकरा हजार व्होल्टचा दाब उतरवून घराला २३० देते. पण तीच डीपी उलट्या बाजूने आलेल्या २३० चे पुन्हा अकरा हजार करू शकते. "तार मेलेली आहे असं समजून आम्ही हात लावतो, सर," एवढेच तो शेवटी म्हणाला.

मी आत जाऊन मेन खाली ओढला. आईच्या यंत्राची वायर थेट जनरेटरला जोडली. एवढा साधा उपाय आम्हा दोघा शहाण्यांना सुचला नव्हता! तीन तासांनी गल्लीत वीज आली. तोवर मी खिडकीतून त्या खांबाकडे पाहत होतो. ते तीन तास मी विसरू शकत नाही.

पुढे मी बॅटरी घेतली. वीज जाताच ती आधी घराचा रस्त्याशी असलेला संबंध तोडते आणि मगच घर चालवते. आईची काळजी मिटली. पण माझे विचार थांबले नाहीत. मी ज्याला स्वावलंबन म्हणत होतो ते कशावर उभे होते? दुपारी नको असलेली वीज मी जाळ्यात ढकलीत होतो आणि दिवेलागणीला, सारे गाव मागत असतानाच, परत मागत होतो. गल्लीतल्या सगळ्याच छपरांनी भर दुपारी असे केले तर तारेतला दाब इतका चढतो की इन्व्हर्टर आपण होऊन बंद पडू लागतात.

जर्मनीत याहून मोठा पेच उभा राहिला होता. जाळ्यातील विजेचे स्पंदन सेकंदाला ५० ऐवजी ५०.२ झाले की छपरावरच्या संचांनी तात्काळ अलग व्हावे, असा तिथे नियम होता. संच मूठभर होते तोवर तो निर्धोक होता. ते लाखो झाले तेव्हा सर्वांनी एकाच क्षणी पाठ फिरवली तर सारे जाळेच कोसळेल अशी भीती निर्माण झाली. म्हणून २०१२ पासून जुने संच सुधारून, त्यांनी हळूहळू माघार घ्यावी अशी व्यवस्था करावी लागली. एकट्याचे शहाणपण सर्वांनी एकदम केले की त्याचे असे होते.

घरच्या बॅटरीचे खरे मोल मला इथे दिसते. दुपारचे ऊन साठवून ते संध्याकाळी थोडे शेजाऱ्यालाही द्यावे, हे एका घराने केल्यास क्षुल्लक; हजारो घरांनी ठरवून केले तर जाळ्याचा सायंकाळचा भार हलका होईल. मात्र त्यासाठी आपल्या बॅटरीवरचा थोडा हक्क सोडावा लागतो, आणि आई आत झोपलेली असताना तो किती सोडावा, याचे उत्तर मला अजून नेमके देता येत नाही. निम्मी भरलेली बॅटरी मी आईसाठी राखतो. उरलेली जाळ्याची, असा तूर्त हिशेब आहे.

तो वायरमन अजून कधीतरी गल्लीतून जातो. मला पाहिले की हसून विचारतो, "सर, मेन?" आणि मी, तीस वर्षे हजेरी घेतलेला प्राध्यापक, पहिल्या बाकावरच्या मुलासारखा तत्परतेने उत्तर देतो, "खाली आहे!"