नवं मशीन, जुनं मशीन आणि आमचं पाणी

मागच्या महिन्यात पुण्याहून मुलीनं एक खोकं पाठवलं. दोन माणसांनी धरून जिना चढवावं लागलं, एवढं जड. मागोमाग तिचा फोन आला. "अब्बू, खोकं फाडू नका, नीट उघडा. दहा दिवसांत परत करता येतं. पण तशी वेळ येणार नाही, बघा तुम्ही."

आत एस्प्रेसो मशीन होतं. माझ्याकडे आहे त्याच कंपनीचं, त्याच मालिकेतलं, फक्त नवी सुधारित आवृत्ती. किंमत तिनं सांगितली नव्हती, पण बिल खोक्यातच राहिलं होतं. शेहेचाळीस हजार. तिच्या नोकरीतला पहिला बोनस.

कंपनीचं नाव मी इथं लिहीत नाही. जाहिरात करायची नाही आणि बदनामीही करायची नाही.

माझं जुनं मशीन मी २०१८ मध्ये, शहर सोडून चाललेल्या एका ओळखीच्या डॉक्टरांकडून चौदा हजारांना घेतलं होतं. अलीकडे ते कडेनं गळायचं, कॉफी कधी जळकी तर कधी आंबट निघायची. मुलगी सुट्टीत आली तेव्हा तिनं ते पाहिलं होतं. म्हणून ही भेट. आणि भेटीसोबत एक अट. "खरं सांगायचं. ठेवायचं की परत करायचं? माझं मन राखायला खोटं बोलू नका."

आमच्याकडे गवाही ही मोठी जबाबदारीची गोष्ट मानतात. आपल्याच माणसाच्या भेटीबद्दल खरी गवाही देणं त्याहून अवघड. म्हणून हे दहा दिवस मी जरा गांभीर्यानं घेतले.

ज्यांच्या घरी चहाच चालतो त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एस्प्रेसो म्हणजे बारीक दळलेल्या कॉफीच्या घट्ट दाबलेल्या थरातून गरम पाणी जोरानं ढकलून काढलेला लहानसा कप. साधारण ९० ते ९६ अंश तापमान, ९ बार दाब आणि अर्धा मिनिट वेळ. ९ बार म्हणजे ९० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब. आपल्या बीबीच्या मकबऱ्याचे चारही मिनार एकावर एक ठेवले तर साधारण एवढी उंची होईल. इटलीत १९०१ मध्ये लुइजी बेझेरानं पेटंट घेतलेलं यंत्र वाफेच्या दाबावर चालायचं, तो दाब फार थोडा असे. अकिले गाज्जियानं १९४० च्या दशकात स्प्रिंग आणि दांड्याचं यंत्र आणलं, तेव्हा कपावर तो सोनेरी फेस आला. १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या यंत्रात हे काम विजेच्या पंपाकडे गेलं. घरातली मशीनं ही त्याचीच लेकरं.

नव्या आवृत्तीत कंपनीनं तीन गोष्टी बदलल्या आहेत. पहिली, पाणी तापवण्याची पद्धत. जुन्यात पितळेचा छोटा बॉयलर आहे, तो नीट तापायला पंधरा मिनिटं लागतात. नव्यात पाणी अरुंद नळीतून जाता जाता तापतं, चाळीस सेकंदांत मशीन तयार. दुसरी, तापमान. जुन्यात इस्त्रीत असतो तसा थर्मोस्टॅट, तापमान दहा-बारा अंश इकडेतिकडे. नव्यात इलेक्ट्रॉनिक नियंत्रण, एखाद्या अंशाचा फरक. तिसरी, दाब. जुन्याच्या खोक्यावर १५ बार असं मोठ्या अभिमानानं छापलेलं होतं. तो पंपाचा कमाल जोर, कॉफीला त्याची गरज नाही. जास्त दाबानं पाणी थरात भेगा पाडून पळतं. नव्यात व्हॉल्व्ह लावून दाब ९ वर आणला आहे.

पहिल्या सकाळी दोन्ही मशीनं शेजारी ठेवली. तीच चिकमगळूरची कॉफी, पाकिटातली दळलेली. १८ ग्रॅम पूड, ३६ ग्रॅम कॉफी. नव्याचा कप गोडसर, गोल चवीचा. जुन्याचा कडवट. मी, धाकटा भाऊ, शेजारचे प्राध्यापक, तिघांनीही डोळे झाकून नवाच निवडला. मी मुलीला मेसेज लिहायला घेतला होता, तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "काफी तुम पीते, पानी घर का जाता."

आमच्या गल्लीत नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी लग्नघर असल्यासारखी धावपळ. टाकी, ड्रम, घागरी, बादल्या, पातेली. बाकीचे दिवस बोअर, आणि कधी टँकर. या घरात कुठल्याही यंत्राची पहिली परीक्षा पाण्याची, चवीची नंतर.

कॉफीचं मूळ इथिओपियात. तिथून ती येमेनला गेली, आणि पंधराव्या शतकात तिथले सूफी रात्रीच्या जिक्रसाठी जागं राहायला कहवा पीत. चिकमगळूरच्या डोंगरात ती बाबा बुदन या सूफीनं सात बियांच्या रूपानं आणली असं सांगतात. आणि त्याच इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला एक मुलगा पुढे निजामशाहीचा वजीर झाला. त्याचं नाव मलिक अंबर. त्यानं १६१० मध्ये खडकी वसवली. खडकीचं फतेहनगर, मग औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर झालं. नावं चार झाली, पाण्याचा प्रश्न मात्र पहिल्या दिवसापासून एकच. मलिक अंबरनं तो उतारावर चालणारी जमिनीखालची नहर आणून सोडवला होता. त्याच्या शहरात बसून मी कॉफीसाठी किती पाणी सांडतो ते मोजायला हवं होतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी मशीनखाली बोगुणं ठेवलं आणि कपाबाहेर गेलेलं सगळं पाणी वजनकाट्यावर मोजलं. एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर, हिशेब सोपा. रोजच्या दोन कपांमागे जुनं मशीन ७२० मिलिलिटर पाणी नालीत सोडत होतं, नवं २२०.

आकडा पाहून मी जरा गप्प झालो. प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद पाण्यात वुजू करत असत अशी रिवायत आहे. मुद म्हणजे साधारण पाऊण लिटर किंवा त्याहूनही कमी. वाहत्या नदीवर बसूनही वुजूचं पाणी वाया घालवू नये ही शिकवण मी लहानपणापासून ऐकत आलो. तेवढं पाणी मी रोज सकाळी नुसतं मशीन ठिकाणावर आणायला ओतत होतो. सहा-सात वर्षं.

म्हणजे इथंही नवंच जिंकलं. पण एवढं पाणी जातं कुठं, हे शोधायला मी जुनं मशीन उघडलं आणि तिथं गोष्ट फिरली.

आत पांढरा थर होता, गिझरच्या कॉइलवर बसतो तसला. आमच्या बोअरचं पाणी माझ्या मीटरवर ९०० टीडीएस दाखवतं, नळाचं ३२०, आरओचं ४०. टीडीएस म्हणजे सगळे विरघळलेले क्षार. त्यातला पाणी जड करणारा चुना तापवला की खडू होऊन बसतो. बॉयलरवर तो बसला की तापमान कळेनासं होतं, म्हणून मी अंदाजानं पाणी सोडत राहायचो. नुसतं आरओचं वापरावं तर कॉफी सपक लागते. कॉफीवाले लोक १५० च्या आसपास टीडीएस चांगला मानतात. तीन भाग आरओ आणि एक भाग नळाचं मिसळलं की माझ्याकडे ११० येतं. हे मिश्रण मी पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं. आळस केला. नवं मशीन आलं तेव्हा मात्र माहितीपत्रक वाचून त्याला पहिल्याच दिवशी मिसळलेलं पाणी दिलं, आणि शेजारच्या जुन्यात बोअरचंच होतं.

ही कसली तुलना? नव्याला न्हाऊमाखू घालून उभं केलं आणि जुन्याला आजारी अवस्थेत त्याच्यासमोर आणलं. मग म्हणालो, बघा, नवं किती चांगलं!

जुनं मशीन घेऊन सिटी चौकात मिक्सर दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे गेलो. त्यांनी असलं यंत्र आधी कधी पाहिलं नव्हतं. चार स्क्रू काढले, बॉयलर उघडला, हसले. "इसमें है क्या? गिझर है, पंप है, दो बटन है." लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बॉयलर भिजवला, थर निघाला. कडक झालेला रबरी वायसर बदलला. चारशे रुपये.

मी त्यांना नव्याचे फोटो दाखवले. त्यांनी मोठे करून पाहिले आणि मान हलवली. तापवायचा भाग एकसंध, सील केलेला. आतली नळी अरुंद, चुना बसला तर लवकर चोंदणार आणि उघडता येणार नाही. तो अख्खा भागच बदलायचा. दुरुस्ती केंद्र आपल्या शहरात नाही.

परतताना पाणचक्कीवरून आलो. १७४४ च्या सुमारास तुर्कताज खानानं ती बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यापाशी बांधवली, तिथल्या फकिरांचं आणि विद्यार्थ्यांचं दळण व्हावं म्हणून. डोंगराकडून आलेलं पाणी उंचावरून पडतं, चाक फिरतं, चाकानं जातं फिरतं. सगळं डोळ्यांना दिसतं. बिघडलं तर काय बिघडलं ते शाळकरी पोरालाही कळेल. इतक्या वर्षांनीही ते जातं लोकांना फिरताना पाहता येतं, यात त्या उघडेपणाचा मोठा वाटा असणार असं मला वाटतं.

शेवटच्या तीन सकाळी तुलना नव्यानं केली. दोघांना एकच मिसळलेलं पाणी. एका विद्यार्थ्याकडून हातानं फिरवायचा ग्राइंडर मागून आणला आणि बिया ऐन वेळी दळल्या. जुन्यावर आधी दोन्ही एस्प्रेसो काढायचे आणि मगच दुधासाठी वाफ करायची, म्हणजे मशीन थंड करायला पाणी सोडावं लागत नाही, एवढा क्रम बदलला. बायकोनं ग्लासांखाली चिठ्ठ्या ठेवल्या. तिघांनी तीन दिवस चाखलं. नऊपैकी पाच वेळा नवं, चार वेळा जुनं. दूध घातल्यावर तर कुणालाच फरक सांगता आला नाही. आणि जुन्याचं वाया जाणारं पाणी ७२० वरून २६० वर आलं, तेही मी आता कुंड्यांना घालतो.

चवीत खरा फरक पडला तो ताज्या दळणानं. आपल्या आया पिठाबद्दल हेच सांगत आल्या, कॉफीला ते लागू असेल असं मला सुचलं नव्हतं.

तर माझा निकाल असा. नवी आवृत्ती चांगली आहे. ज्यांच्याकडे आधीचं मशीन नाही, सकाळी पंधरा मिनिटं थांबायला वेळ नाही आणि घरात मऊ पाणी आहे, त्यांनी ती जरूर घ्यावी. दाब आणि तापमान यांत ती जुन्याच्या पुढेच आहे. वीजही कमी खाते. पण ज्यांच्याकडे जुनं आहे त्यांनी आधी ते उघडून साफ करावं, पाणी बदलावं, ग्राइंडर घ्यावा आणि मग नव्याशी तुलना करावी. जड पाण्याच्या गावात, दुरुस्ती केंद्रापासून दूर, उघडता येणारं यंत्र जास्त दिवस साथ देतं.

नवव्या दिवशी संध्याकाळी मुलीला फोन केला. सगळं सांगितलं, आकड्यांसकट. ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे माझं गिफ्ट परत." मी म्हणालो, "गिफ्ट नाही गं, मशीन." ती काही बोलली नाही. त्या रात्री मलाही झोप लागली नाही. हिशेब बरोबर असला तरी पोरीनं हौसेनं दिलेली वस्तू खोक्यात परत घालताना हात जड होतात. बायको, जिनं पाण्याचा विषय काढला होता, तीच म्हणाली, "रख लेते थे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीचा मेसेज आला. एका हातग्राइंडरची लिंक आणि खाली, "हा तरी ठेवाल ना?" नऊ हजारांचा होता. मी लगेच हो म्हटलं. बाकीचे पैसे तिच्या खात्यात परत गेले.

गेल्या रविवारी ती घरी आली होती. पाणी यायचा दिवस होता, सगळे ड्रम भरण्यात गुंतलेले. तिनं स्वतः बिया दळल्या, दोन मिनिटांत दंड दुखले म्हणून ओरडली, मग जुन्या मशीनवर कॉफी काढली. प्यायली आणि म्हणाली, "चांगली आहे. पण तुम्ही माझे पैसे वाचवायला हे सगळं केलं."

मी नाही म्हणालो. पण तुम्हाला म्हणून सांगतो, थोडंसं तेही खरं होतं.