आमची जुनी जीप

जीप ही चिखलातून चालणारी गाडी आहे. साध्या गाडीची दोनच चाके जोर लावतात. जीपची दुसरी दांडी टाकली की चारही चाके जोर लावतात. महिंद्र कंपनीने मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली.

आमचे भाताचे शेत उल्हास नदीजवळ आहे. पावसात तिकडे टेम्पो रुततो. म्हणून आम्ही जुनी जीप घ्यायचे ठरवले. आईने भिशीचे पैसे दिले. ते पुन्हा लवकर मिळत नाहीत, म्हणून बाबांनी घाई केली नाही.

आम्ही दोन जीपा पाहिल्या. एक लाल चकचकीत होती. ताईला ती फार आवडली. बाबांनी खालून हातोडीने ठोकले तर गंजाचे पोपडे पडले. दुसरीचा रंग उडालेला, इंजिन पण बंद. पण तिची चासी ठणठणीत होती. चासी म्हणजे गाडीचा सांगाडा. चासीवरचा नंबर आर. सी. बुकातल्या नंबराशी जुळला. आजी म्हणाली, "बैल घेताना झूल नाय बघत, पाय बघतात." मग तीच घेतली.

आता दर रविवारी आम्ही सगळे काम करतो. काका इंजिन खोलतात, आई आणि ताई गंज घासतात. मी नट डिझेलने धुतो आणि मोजून डब्यात ठेवतो. अजून एकही हरवला नाही. भातलावणीच्या आधी जीप चालू झाली पाहिजे.