रंगाआधी कागद

आम्ही दोघे नवरा-बायको पाट्या रंगवून घर चालवतो. फ्लेक्स आल्यावर काम घटले, तेव्हा भिंतीवरची चित्रे काढू लागलो. एका दुकानदाराने आमचेच चित्र छापून आणखी तीन दुकानांत लावले. विचारले तर म्हणाला, “पैसे दिलेत ना?” राग आला, पण कायदा त्याच्याच बाजूने निघाला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर, मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राचा हक्क काढून घेणाऱ्याचाच असतो.

आता ब्रश उचलण्याआधी आम्ही कागद करतो. रंगाचा खर्च, मजुरी, निम्मी रक्कम आगाऊ आणि चित्राचा हक्क आमचा. काही गिऱ्हाइके परत जातात. पण मुलीची फी वेळेवर भरली जाते. हातात कला असलेल्या बंधु-भगिनींनी एवढे तरी करावे.