विकत घेतलेली विंडोज

मध्यरात्रीची रांग. २४ ऑगस्ट १९९५. घड्याळात बारा वाजले आणि विंडोज ९५ विक्रीला आली. दुकानांबाहेर माणसे आधीपासून उभी होती. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग विंडोजच्या रंगांत उजळली होती. जाहिरातीला रोलिंग स्टोन्सचे गाणे होते. पाच आठवड्यांत ७० लाख प्रती खपल्या. आज विशीतल्या मुलाला हे सांगितले तर खरे वाटत नाही. त्याच्या फोनमधली ऑपरेटिंग सिस्टीम तो झोपलेला असताना बदलते. विंडोजही आता तशीच बदलते. विकत घेतलेल्या विंडोजबरोबर जे जे गेले त्याची ही यादी.

तेरा फ्लॉप्या. ज्याच्याकडे सीडी ड्राइव्ह नव्हता त्याला विंडोज ९५ तेरा फ्लॉप्यांवर मिळायची. एक जरी वाचता आली नाही तरी काम अडायचे. पण तेराही कपाटात ठेवता यायच्या.

चावी. पाच-पाच अक्षरांचे पाच गट, चमकत्या कागदावर. टेबलावरच्या मशीनच्या कुशीला किंवा लॅपटॉपच्या पोटाखाली चिकटवलेले लेबल. वर्षा-दोन वर्षांत अक्षरे घासून पुसट व्हायची, म्हणून शहाणी माणसे ती वहीत उतरवून ठेवत. २०१२ साली विंडोज ८ आली तेव्हापासून नव्या मशीनची चावी मदरबोर्डवरच्या चिपमध्येच भरून येते. लेबल गेले. करारात पूर्वीही लिहिलेले असायचेच की ही विक्री नाही, वापराचा परवाना आहे. तो करार कोणी वाचत नसे, आणि प्रत्यक्षात व्यवहार विक्रीसारखाच व्हायचा: एकदा पैसे, मग दोघेही मोकळे. जे गेले त्यात मला सर्वांत मोलाचे हेच वाटते, हे मोकळे होणे.

टाकून मिळणारी विंडोज. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन कॉम्प्युटर जोडला जायचा. बोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, कॅबिनेट, मॉनिटर, सगळ्यांच्या किमती एका कागदावर खाली खाली लिहिल्या जायच्या. विंडोजची ओळ त्या कागदावर नसायची. ती टाकून मिळायची. हार्डवेअरवाला मुलगा पाऊचमधून मार्करने नाव लिहिलेली सीडी काढायचा, लांबलचक चावी त्याला तोंडपाठ असायची. वर्षभरात मशीन मंद झाले, व्हायरस शिरला की तोच घरी येऊन फॉरमॅट मारायचा. फोटो डी ड्राइव्हमध्ये आहेत ना, एवढे आधी विचारायचा. एमकेसीएलचा एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स २००१ साली सुरू झाला आणि तालुक्याच्या गावांत, एसटी स्टँडजवळच्या गाळ्यांत मुलामुलींनी माउस धरायला शिकून घेतले. कॉम्प्युटर शिकणे म्हणजे विंडोज शिकणे, असा त्या वर्षांचा सरळ हिशेब होता. घराघरांतल्या त्या सीड्यांचे पैसे मायक्रोसॉफ्टला मिळाले नाहीत, पण सवय मिळाली. हीच माणसे पुढे ऑफिसांत बसली आणि त्या ऑफिसांनी लायसन घेतले. फॉरमॅट मारणाऱ्या त्या मुलांतले बरेच जण आता सीसीटीव्ही आणि वायफाय बसवतात. त्यांनी फुकट, चोरून आणि प्रेमाने जे शिकवले त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

सर्व्हिस पॅक. दुरुस्त्यांचा एकत्र गठ्ठा. विंडोज ७ चा पहिला, फेब्रुवारी २०११. दुसरा आलाच नाही, आणि नंतरच्या कुठल्याच विंडोजला सर्व्हिस पॅक नव्हता.

एन्कार्टा. १९९३ ते २००९. सीडीवरचा ज्ञानकोश. मुलांच्या अभ्यासासाठी कॉम्प्युटर घ्यावा, हे घरातल्या मोठ्यांना पटवायला त्याचा फार उपयोग झाला.

ताळेबंदातली ओळ. ही सगळ्यांत हळू गेली, आणि बाकीच्या वस्तू तिच्यामागून गेल्या.

सुरुवात १९८१ची. आयबीएमच्या नव्या पर्सनल कॉम्प्युटरला ऑपरेटिंग सिस्टीम हवी होती. मायक्रोसॉफ्टकडे ती नव्हती. सिअॅटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीत टिम पॅटरसनने लिहिलेली एक सिस्टीम होती, तिचे हक्क मायक्रोसॉफ्टने त्या जुलैमध्ये ५० हजार डॉलरला घेतले; तीच पुढे डॉस. पण खरी गोम आयबीएमशी केलेल्या करारात होती. आयबीएमला वापराचा परवाना दिला, इतरांना विकण्याचा हक्क मात्र स्वतःकडे ठेवला. मग आयबीएमसारखी मशीन बनवणारे जितके कारखाने निघाले तितके मायक्रोसॉफ्टच्या दारात आले. त्यांच्याशी करारही असे केले की कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक मशीनमागे पैसे भरायचे, त्यावर डॉस घातलेले असो वा नसो. दुसऱ्या कोणाची सिस्टीम घालायची तर दोनदा खर्च. ही पद्धत अमेरिकेच्या न्याय खात्याने १९९४ साली थांबवायला लावली. १९९८ साली त्याच खात्याने मक्तेदारीचा मोठा खटला भरला, आणि जून २००० मध्ये न्यायाधीश थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला: एक ऑपरेटिंग सिस्टीमची, दुसरी बाकी सगळ्याची. पुढच्या वर्षी अपिलात तो आदेश रद्द झाला. विंडोजचे राज्य न्यायाचे होते असे मी म्हणणार नाही. त्याखाली अनेक चांगली कामे चिरडली गेली.

त्या राज्याचे आकडे असे. २०१० च्या आर्थिक वर्षात कंपनीची एकूण मिळकत सुमारे ६२.५ अब्ज डॉलर, त्यातले साडेअठरा अब्ज विंडोज विभागाचे. त्या साडेअठरातले सुमारे १३ अब्ज खर्च वजा जाता हाती राहायचे, कारण एकदा लिहिलेल्या सिस्टीमची पुढची प्रत काढायला जवळजवळ काहीच लागत नाही. जून २०२५ ला संपलेल्या वर्षात एकूण मिळकत २८१ अब्जांच्या वर गेली. विंडोज आणि कंपनीचे स्वतःचे सरफेस वगैरे हार्डवेअर मिळून त्यात १७ अब्जांच्या आसपास. कंपनीच्याच लिंक्डइनने त्याहून थोडे अधिक मिळवले. एकट्या अॅझूर या क्लाउडने ७५ अब्ज ओलांडले.

विंडोज कोसळली नाही, हे या आकड्यांत नीट पाहायला हवे. पंधरा वर्षांत ती जवळजवळ जिथल्या तिथे राहिली आणि तिच्याभोवती दुसरेच काही उभे राहिले. जून २०११ मध्ये ऑफिस ३६५ आले, आणि आयुष्यात एकदा घ्यायची वस्तू दरमहाची वर्गणी झाली. एकरकमी ऑफिस अजून मिळते, पण विचारावे लागते. २०१३च्या फेररचनेनंतर कंपनीच्या हिशेबातल्या कुठल्याच मुख्य विभागाच्या नावात विंडोज राहिली नाही. २०२४च्या ऑगस्टमध्ये हिशेबाची मांडणी पुन्हा बदलली, आणि कंपन्यांना वर्गणीच्या गठ्ठ्यातून जाणारी विंडोज मायक्रोसॉफ्ट ३६५च्या खात्यात जमा होऊ लागली. आता ती किती, हे वेगळे दिसत नाही.

ज्याच्या कमाईवर घर चालते त्याचे दुखलेखुपले सगळे घर विचारते. विंडोजच्या बाबतीत तेच होते. ती बिघडली की कंपनीची झोप उडायची, कारण पुढची आवृत्ती लोकांनी घ्यावी यासाठी ही आवृत्ती चांगली असावी लागे. विंडोज व्हिस्टा लोकांना आवडली नाही, तर तीन वर्षांच्या आत विंडोज ७ आणावी लागली. मशीनपुढे बसलेल्या माणसाच्या नाही म्हणण्याला तेव्हा किंमत होती.

अॅझूरच्या आधीचा शब्द. २००८ साली कंपनीने आपल्या क्लाउडची घोषणा केली तेव्हा त्याचे नाव विंडोज अॅझूर होते. सत्या नडेला ४ फेब्रुवारी २०१४ ला प्रमुख झाले. मार्चअखेरीस त्यांनी अॅपलच्या आयपॅडवर ऑफिस आणले. एप्रिलमध्ये विंडोज अॅझूरचे मायक्रोसॉफ्ट अॅझूर झाले. नऊ इंचांपेक्षा लहान पडद्याच्या यंत्रांसाठी विंडोज त्याच महिन्यात फुकट झाली. तीन महिन्यांत एवढे. लिनक्सला कॅन्सर म्हणणारे स्टीव्ह बामर आधीचे प्रमुख होते. आज अॅझूरवर भाड्याने चालणाऱ्या मशीनांत निम्म्याहून अधिक काम लिनक्सवर होते. सप्टेंबर २०१५ मध्ये अॅझूरची केंद्रे पुणे, मुंबई आणि चेन्नईत सुरू झाली. ज्या मुंबईत विंडोजची ओळ बिलावर कधी आली नाही, तिथेच आता मिनिटामिनिटाचे भाडे मोजले जाते आणि ते चुकवता येत नाही. धंद्याचा निर्णय म्हणून नडेलांना दोष देता येणार नाही. फोनची लढाई कंपनी हरली होती, नोकियाच्या फोनधंद्यावर घातलेले अब्जावधी डॉलर २०१५ मध्ये बुडीत लिहावे लागले. विंडोजलाच धरून बसणारी कंपनी आज उरली असती का, शंका आहे.

सॉलिटेअर. मे १९९० मध्ये विंडोज ३.० सोबत आला. वेस चेरी नावाच्या शिकाऊ मुलाने लिहिला, पत्ते सुझन केअर यांनी काढले. माउसने वस्तू धरून ओढायची आणि सोडायची, हे हाताला न शिकवता शिकवणारा खेळ. डाव सुटला की पत्ते उसळ्या मारत खाली यायचे, आपली सावली मागे ठेवत. सेवानिवृत्त माणसांनी, सुट्टीतल्या मुलांनी, दुपारच्या बँकांनी तो खेळला. विकत घेतलेल्या विंडोजच्या पोटात तो होता, त्याने पुढे काही मागितले नाही. विंडोज ८ मध्ये तो सोबत आला नाही. विंडोज १० मध्ये परत आला तेव्हा त्याच्यात जाहिराती होत्या, आणि जाहिराती नकोत तर महिन्याला पैसे. कंपनीची मिळकत कुठून कुठे सरकली हे समजायला ताळेबंद न वाचता एवढा एक खेळ पाहिला तरी पुरते. सगळ्यांत जास्त वाईट मला याचे वाटते, कारण पैशांची गरज इथे कोणालाच नव्हती.

वर्डपॅड. १९९५ ते २०२४. साधे पत्र लिहायला पुरे व्हायचे.

इंटरनेट एक्स्प्लोरर. १५ जून २०२२ ला निवृत्त.

मेनूची कळ. स्पेसबारच्या उजवीकडे, छोट्या यादीचे चित्र असलेली. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने जाहीर केले की नव्या कीबोर्डांवर कोपायलट या एआय मदतनिसाची कळ येईल. बऱ्याच लॅपटॉपवर ती मेनूच्या जागी आली, काहींवर उजव्या कंट्रोलच्या. १९९४ साली विंडोजची कळ कीबोर्डवर आली होती. त्यानंतर तीस वर्षांनी हा बदल. विंडोजची कळ मशीनमधले उघडते, कोपायलटची मशीनबाहेरचे.

मंगल. याच्याविषयी थोडे सावकाश लिहितो. विंडोज २००० पूर्वी मराठीत टाइप करणे म्हणजे श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम, किंवा आणखी कोणाचे तरी सॉफ्टवेअर. प्रत्येकाची आपली मांडणी. एका मशीनवर लिहिलेले पत्र दुसऱ्यावर उघडले की काटेकुटे. विंडोज २००० ने युनिकोड देवनागरी आणली आणि तिच्यासोबत मंगल हा फॉण्ट आला. तो र. कृ. जोशी यांनी घडवला. सुलेखनकार, कवी, मुंबईच्या आयआयटीत शिकवणारे, अक्षरावर जीव लावणारे गृहस्थ. २००८ साली गेले. पडद्यावर पहिल्यांदा तुटक न दिसणारी मराठी असंख्य लोकांनी मंगलमध्ये पाहिली. एवढ्या मोठ्या कंपनीने हे केले, कारण विंडोज प्रत्येक देशात विकायची होती. ज्या लिपीत माणूस लिहितो त्या लिपीची अक्षरे तिच्यासोबत द्यावीच लागत. विक्रीची ही बाजू मला विसरता येत नाही. विंडोज ८ पासून पडद्यावरच्या देवनागरीचे काम निर्मला यूआय या फॉण्टकडे गेले, आणि तो वाईट नाही. आपल्या अनेक लिप्या तो एकटा सांभाळतो. विंडोज १० पासून मंगल जोडीच्या फॉण्टांत गेला. देवनागरीची भाषा जोडली किंवा मुद्दाम मागितला तर उतरतो. नव्या मशीनवर जुने पत्र उघडले आणि अक्षर ओळखीचे वाटले नाही, तर तो उतरवून घ्यावा. दोन मिनिटे लागतात.

खात्याशिवाय सुरू होणारा कॉम्प्युटर. मशीनला नाव द्यायचे, हवा तर पासवर्ड, झाले. विंडोज ११ नव्याने लावताना घरगुती वापरासाठी इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचे खाते मागते. पळवाटा होत्या; एकेक बंद होत आहेत. खाते उघडले की वनड्राइव्ह, म्हणजे कंपनीकडची ऑनलाइन साठवण, येतो. त्यात पाच जीबी फुकट, पुढे वर्गणी. ऑपरेटिंग सिस्टीम आता या वर्गणीकडे जाणारा दरवाजा आहे आणि तिची रचनाही त्याच हिशेबाने होते.

विंडोज १०. २०१५च्या जुलैत आली तेव्हा जुन्या विंडोजवाल्यांना वर्षभर फुकट दिली गेली. १४ ऑक्टोबर २०२५ ला तिची नेहमीची दुरुस्ती थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि नवा प्रोसेसर लागतो; धडधाकट चालणारी असंख्य मशीने त्यात बसत नाहीत. शाळांतली, छोट्या दुकानांतली, आईवडिलांच्या घरातली. घरगुती वापरकर्त्याला आणखी एका वर्षाच्या सुरक्षा दुरुस्तीसाठी तीन वाटा दिल्या: ३० डॉलर भरा, किंवा कंपनीच्या रिवॉर्ड्सचे हजार गुण द्या, किंवा आपल्या सेटिंग्ज वनड्राइव्हवर ठेवायला परवानगी द्या. तिन्ही वाटांना खाते लागते. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी हरकत घेतली, आणि युरोपीय आर्थिक क्षेत्रापुरती फुकटच्या वाटेवरची बॅकअपची अट काढली गेली. खात्याची राहिली. आपल्याकडे दोन्ही आहेत. ही हरकत मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थेने इथेही घ्यावी, असे मला मनापासून वाटते. एकदा पैसे भरून घेतलेली वस्तू सुरक्षित ठेवण्यासाठी दुसऱ्या वस्तूच्या दारात जावे लागू नये, एवढी ती मागणी आहे, आणि तिकडे मागितल्यावर त्यातली अर्धी मान्य झाली आहे.